गॅसच्या उष्ट्याचे पेले

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच तुला लिहायला बसले आहे, तेही रागाने. दादाचा मुलगा, तुझा नातू, आता शेतकी कॉलेजात शिकवतो. गोबरगॅसमधून गॅस निघून गेल्यावर जी स्लरी उरते, तिचे आणखी काय काय उपयोग करता येतील, यावर त्याने एक पुस्तिका लिहिली आहे. छापायला देण्याआधी चुका तपासायला माझ्याकडे पाठवली. त्यात एका पानावर करमाडच्या आपल्या मळ्यातले रोपांचे पेले आहेत, चित्रासकट. आणि खाली लिहिलंय, 'ही कल्पना माझ्या आजोबांची.' 

अप्पांची कल्पना! अप्पांनी स्लरीच्या त्या खड्ड्यात कधी बोट तरी घातलं होतं का? गॅस आला तेव्हा निळी ज्योत बघायला त्यांनी सोयऱ्याधायऱ्यांना बोलावून घेतलं. टाकीच्या मागून जे वाहत बाहेर यायचं, त्याच्याकडे मात्र पाठ. तू त्याला गॅसचं उष्टं म्हणायचीस. पहिल्या वर्षी तू ते ताजं ताजंच वांग्यांच्या बुडाशी ओतलंस आणि सगळा वाफा पिवळा पडला. "घाला, अजून घाला! बाळंतविडा करा वांग्यांचा," म्हणून अप्पा महिनाभर हसत होते. 

मी तेव्हा नववीत, शहरातल्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलवर. शनिवारी एसटीने घरी येते, तर तू स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर बसलेली, कोपरापर्यंत हात भरलेले. पाण्याचा पेला पालथा घातलाय, त्यावर ओलं फडकं, आणि घट्ट झालेली स्लरी तू त्यावर भाकरीसारखी थापते आहेस. मी नाकाला रुमाल लावते. "कामून गं नाक धरतीस?" तू म्हणतेस, "वास ऱ्हायलाय का आता त्याला? हुंगून तर बघ." खरंच वास नव्हता. आधीचे पेले उन्हात तडकले होते. मग तू त्यात गव्हाचा भुसा घातलास, जरा काळी माती घातलीस, आणि लिंबाच्या सावलीत हळूहळू वाळवायला लागलीस. त्या पेल्यांत मिरचीची रोपं केलीस आणि पेल्यासकट जमिनीत लावलीस. "उपटायचं म्हणलं की मुळ्या तुटत्यात," तू म्हणालीस. "त्याचं घर त्याच्यासंगं जाऊ दे. मंग लई रुसत नाय ते." पंधरा-वीस दिवसांत पेला मातीत विरून गेला, आणि त्या वर्षी आपली मिरची बघायला शेजारचे लोक बांधावर येऊन उभे राहायचे.

म्हणून तर तालुक्याचे शेतकी साहेब आले. तो दिवस आठवला की अजून माझं डोकं तापतं. साहेब बैठकीत बसलेत, अप्पा टोपी सरळ करून समोर. साहेब विचारतात, भुसा किती? अप्पा आत बघून ओरडतात, "अगं, भुसा किती?" तू चुलीपासून सांगतेस, "चार वंजळी उष्ट्याला एक." अप्पा वळून सांगतात, "चाराला एक, साहेब." वाळायला दिवस किती? पुन्हा आत, पुन्हा बाहेर. साहेब वहीत लिहीत होते आणि तुझा आवाज त्यांना चांगला ऐकू येत होता! पुढे जिल्ह्याच्या प्रदर्शनात शाल मिळाली अप्पांना, पेपरात फोटोही अप्पांचा. घरी आल्यावर ती शाल त्यांनी तुझ्याकडे टाकली. "घडी करून ठेव." तू घडी केलीस.

आज तुझ्या नातवाला फोन करून मी खूप बोलले. तो बिचारा गांगरला. "पण आत्या, सातबारा आजोबांच्या नावावर होता म्हणून नाव त्यांचं लागलं, असं तूच सांगत आलीस ना आम्हाला?" म्हणाला. "आता बदलायचं तर कशाच्या आधारावर बदलू?" मी फोन ठेवून दिला.

पुस्तिकेतली ती ओळ मी खोडली आहे आणि शेजारी तुझं पूर्ण नाव लिहिलं आहे, माहेरच्या नावासकट. रविवारी तो येईल, तेव्हा आधार मागेल. आधार मीच आहे, आई. प्रदर्शनाचा फॉर्म मी भरला होता, माझं अक्षर चांगलं म्हणून. अप्पांनी सातबाऱ्याचं काढलं, तेव्हा साहेब स्पष्ट म्हणाले होते, "सातबारा लागत नाही हो याला. ज्यांनी केलंय त्यांचं नाव टाक, बाळ."  अप्पांनी मला अडवलं नाही, हे आज त्यांच्यावर इतकी चिडले असले तरी लिहायला हवं. पेन माझ्या हातात होतं. तू आत भाकरी थापत होतीस, आणि मी अप्पांचं नाव लिहिलं, कारण नाव ज्याचं त्याचा फोटो पेपरात येणार होता, आणि आमच्या कॉन्व्हेंटच्या वर्गात तो पेपर यायचा.