दोनशे बारा आकड्यांत आमचं घर

चांदूर रेल्वे,
४ जुलै १९६१

प्रिय कमलाकांत,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? तारावहिनींनी सांगितलेलं एरंडाचं पान बांधतोस की नाही? नसशीलच बांधत. कॉलेजात असतानाही तू औषधाची बाटली खोलीच्या खिडकीत ठेवायचास आणि बरा होण्याची वाट बघायचास. (एका वर्षी बरा झालासही, हे मान्य.) वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तू नागपूरला प्राध्यापक झालास आणि मी तालुक्याच्या गावी पोरांना त्रैराशिक शिकवतो, तेव्हा विज्ञानाशी माझा संबंध सुटला असा तुझा समज असेल तर तो काढून टाक. गेल्या वर्षभरात मी माणसाचं बोलणं दाबून लहान करण्याची पद्धत शोधून काढली आहे. इथल्या कापसाच्या प्रेसमध्ये खोलीभर रुई दाबून तिची गाठ बांधतात, तसंच. ही गरज मला का पडली ते सांगतो. आमची चारुशीला बी. एस्सी.साठी चार वर्षं अमरावतीला माझ्या थोरल्या बहिणीकडे, सिंधूताईकडे होती. ताईचे यजमान बापूसाहेब वकील, त्यामुळे त्यांच्या घरी फोन. मी इथल्या पोस्टातल्या फोनवर. चारूसाठी स्थळं बघण्याचं काम ताईकडे सोपवलेलं, आणि ताईचं बोलणं तुला माहीत आहे. ट्रंक कॉलची तीन मिनिटं. पहिल्या मिनिटात माझी तब्येत, दुसऱ्यात चारूच्या आईची, सुभद्रेची, तिसऱ्यात गावात कोण वारलं ते. "आता त्या स्थळाचं," असं ताईनं म्हणावं आणि एक्स्चेंजच्या बाईनं लाइन तोडावी. असे चार कॉल झाले, आणि स्थळाचं एक अक्षर कानावर पडलं नाही.

मग मी शास्त्रीय रीतीनं विचार केला. दिवाळीच्या सुट्टीत वीस दिवस ताईकडे राहिलो आणि वर्तमानपत्राच्या आड वही धरून घरातलं प्रत्येक वाक्य टिपलं. (बापूसाहेबांना वाटलं मी मृत्युपत्र लिहितो आहे. त्यांनी आपण होऊन दोन चांगल्या सूचना केल्या.) निष्कर्ष असा की माणूस अखंड बोलत असला तरी वाक्यं मोजकीच असतात, तीच पुन्हा पुन्हा येतात. एकूण सहाशे चाळीस निघाली. त्यातली जवळजवळची एकत्र केली. भाजी खारट झाली, भाजी अळणी झाली, भाजी लागली, या तिन्हींचं मिळून "भाजी बिघडली" असं एक केलं. पाठ, पोट आणि दाढ यांचं "दुखतं" एवढंच ठेवलं, कारण कुठे ते कळून मी चांदुरात बसून काय करणार होतो? शेवटी दोनशे बारा उरली. त्यांतली बापूसाहेबांची नऊ. प्रत्येक वाक्याला आकडा दिला, त्याचं पुस्तक केलं आणि एक प्रत ताईकडे, एक माझ्याकडे ठेवली. तिनं आकडे बोलायचे, मी पुस्तक उघडून वाक्यं पुन्हा उभी करायची.

ही पद्धत कोणत्याही घरात चालली पाहिजे, असा माझा कटाक्ष होता. पहिल्या खेपेला मी आकडे पंचांगाच्या पानांना जोडले होते. (सोय अशी की पंचांग खिळ्यालाच टांगलेलं असतं, शोधावं लागत नाही.) पण ताईकडे निघालं दुसरंच पंचांग, आणि "दूधवाला आला नाही" याचं इकडे "आत्याबाई अत्यवस्थ" झालं. सुभद्रा रडायला लागली, मी धोतर बदलून स्टेशनवर. तेव्हापासून एकेका घरापुरतं जे जे असतं ते सगळं मी काढून टाकलं. आता ज्याला दोनशे बारापर्यंत आकडे वाचता येतात त्याच्याकडे ती चालते, मग तो वकील असो की हमाल. एवढं जमवायला मला दोन महिने लागले, पण त्याची मला धन्यता वाटते.

पद्धत काय चालली म्हणून सांगू! ज्या बातम्यांना पूर्वी अर्धा तास लागला असता त्या पाऊण मिनिटात. पोस्टमास्तर पंजाबराव तर थक्क. मात्र मी फोनवर नुसते आकडे घेतो हे बघून, कापसाच्या भावावर आकडा लावणारी मंडळी पोस्टाच्या ओट्यावर जमायला लागली. मास्तराला मुंबईहून आतली खबर येते असा गवगवा झाला. एकाला ताईच्या "मोलकरीण सुट्टीवर" या आकड्यावर खरंच लागला, आणि त्यानं माझ्या घरी पेढे आणून दिले. मी घेतले नाहीत. (सुभद्रेनं घेतले.)

एकच अडचण होती, ती ताईची शिस्त. मधेच ती पुस्तकाबाहेरचं बोलायची. आकडा सांगून झाला की वर त्याचा खुलासा! मग पद्धतीला अर्थ काय? मी तिला बजावलं की यापुढे बाहेरचा एक शब्द आला तर मी फोन ठेवीन, आणि दोनदा खरोखर ठेवला. तिसऱ्या वेळेपासून ताई सुतासारखी सरळ झाली. ही गोष्ट लक्षात ठेव.

मे महिन्यात अकोल्याचं स्थळ आलं. भगवंतरावांचा मुलगा, बांधकाम खात्यात ओव्हरसिअर, निर्व्यसनी, घरची शेती बार्शीटाकळीला. त्यांनी अमरावतीला येऊन चारूला पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. एकशे चार, साठ, एकशे अठरा. म्हणजे पाहुणे राजी आहेत, तारीख तुम्ही काढा, पोरगी लाजते. मी हरखलो. एकशे अठरा तिनं पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा, इतकं मोठ्यानं की पंजाबरावांनी मान वर केली. मी लिहून घेतलं, "फार लाजते." लाजणं म्हणजे होकार, तुझ्या-माझ्या लग्नात दुसरं काय झालं होतं? मी त्याच संध्याकाळी भगवंतरावांना पत्र टाकलं आणि सतरा जूनला आमच्या घरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरवलं.

अकरा माणसं आली. पुरण शिजत होतं, मांडव नव्हता पण सतरंज्या शाळेच्या होत्या. ताई आणि चारू आदल्या दिवशी आल्या होत्या; ताई दोनदा "ऐक रे" म्हणाली तेव्हा मी सतरंज्या मोजत होतो, आणि चारू माझ्याकडे बघतच नव्हती. मी म्हटलं, लाज. भगवंतरावांनी रीतीप्रमाणे विचारलं, "बाई, तुह्यं नाव काय?" या प्रश्नाला मुली नाव सांगतात आणि खाली बघतात. चारूनं नाव सांगितलं आणि समोर बघत राहिली. मग म्हणाली, "मले आत्ता लग्न नाही करायचं. मले एम. एस्सी. करायचं आहे. हे मी आत्याले सांगितलं, आत्यानं बाबाले फोन केला, अन् बाबानं ते लाजणं म्हणून लिहून घेतलं." पुढे ती दहा मिनिटं बोलली. प्रयोगशाळेचं, गुणांचं, तुमचा मुलगा चांगला आहे, त्याचा यात काही दोष नाही याचं. कमलाकांत, खरं सांगतो, मला त्या क्षणी लाज वाटायला हवी होती आणि वाटलीही, पण त्याआधी क्षणभर वाटला तो अभिमान. भगवंतरावांनी चहा संपवला, म्हणाले, "पोरगी साफ बोलते, मास्तर. पोटात ठेवून आमच्या घरी आली असती तं दोघांचंही वाटोळं झालं असतं." आणि अकराही माणसं पोटभर जेवून अकोल्याच्या गाडीनं परत गेली.

मी स्वयंपाकघरात ताईला धरलं. काहून केलं असं, विचारलं. ती पुरणाच्या पातेल्याकडे बघत म्हणाली, "तुह्या पुस्तकात पोरीच्या नावानं तीनच वाक्यं होती रे. पोरगी वाळून राहिली, पोरगीले सर्दी झाली, अन् पोरगी लाजते. मी रातभर पानं उलटली. त्यातलं जवळचं दिलं. बाहेरचं बोलली असती तं तू फोन ठेवला असता."

तेव्हा बघ, पद्धतीत दोष नाही. वीस दिवसांत त्या घरात तसं वाक्य कोणी बोललंच नाही, तर मी टिपणार कुठून? साठा अपुरा पडला, एवढंच. विज्ञानात असं होतं, हे तुझ्यासारख्याला मी सांगायला नको.

तुझा,
चिंतामण

ता. क. : तुमच्या घरासाठी एक प्रत पाठवणार होतो. तूर्त पाठवत नाही. सुभद्रेनं दोन्ही प्रती, ताईनं बरोबर आणलेलीसुद्धा, चुलीत घातल्या.

ता. क. : चारूला प्रथम वर्ग मिळाला. तुमच्याकडे एम. एस्सी.च्या अर्जाची मुदत गेली असं कळतं. तू खटपट केलीस तर पाच-सात दिवसांचा उशीर चालवून घेतील का? राहण्याचं वसतिगृहात नाही जमलं तर वहिनींना विचारून कळव. हे पत्र खरं तर याचसाठी लिहायला घेतलं होतं.

ता. क. : आणि उत्तर माझ्या नावानं पाठवू नकोस, तिच्या नावानं पाठव. सतरा जूनपासून ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही. ताट वाढते, धोतराच्या घड्या घालते, काही विचारलं तर मान हलवते. वरती आम्ही ठीक आहोत लिहिलं ते तुझ्या गुडघ्याची चौकशी करण्यापुरतं, रीत म्हणून. पत्रात तिला एवढंच लिही की, नागपूरच्या गाडीत बसायच्या आधी एकदा बापाशी पोटभर भांडून ये. किती वेळ लागायचा तो लागू दे. मी मधे बोलणार नाही.