टेपवरच्या मुंग्या

सोमवार, सप्टेंबर

तारखेची जागा मोकळी सोडली आहे. कॅलेंडरावरून नक्कल करता आली असती, पण स्वतःच्याच वहीत कसली फसवाफसवी!

इथे खरं लिहितो, कारण तोंडाने सांगायची सोय नाही. झटका आला, उजवा हात लुळा पडला, मग हळूहळू परत आला. बोलणं आलं. अक्षरंही आली. डॉक्टरांनी नाव लिहायला सांगितलं, झरझर लिहिलं, तेही खूश. आकडा कुणी विचारलाच नाही. आणि माझे आकडेच गेलेत! टेप हातात घेतली की इंच म्हणजे मुंग्यांची रांग. दुकानात एकदाच गेलो आणि वकीलसाहेबांचा कोट अंदाजाने कापला — एक बाही मनगटाला, दुसरी कोपराला. हात दाखवून अवलक्षण! "चष्म्याचा नंबर बदललाय," असं ठोकून दिलं.

परवा माझा कारागीर घरी आला होता. इतकी वर्षं काज-बटण, शिलाई सगळं तोच बघतो, कापायला मात्र मी. म्हणाला, "मास्तर, ऑक्टोबर संपेपर्यंत वाट बघतो. तुम्ही टेबलाशी उभे राहिलात तर सोन्याहून पिवळं. नाहीतर दुकान माझ्यावर सोडा." वाईट काही बोलला नाही. पण कात्री सुटली तर मी उरतो कोण?

घरात एकटं ठेवायला नको म्हणून धाकटी — माझी मुलगी — उद्यापासून मला तिच्या खेळघरात नेणार. तीन-चार वर्षांची पोरं. "बाबा, नुसतं बसायचं हो." झालं! म्हातारपणी बालवाडीत नाव घातलं.

मंगळवार

लांबट खोली, खाली चटई, एका कोपऱ्यात वाळूचा ट्रे, एका कोपऱ्यात लाकडी ठोकळे. मुलं चौदा — धाकटी म्हणाली म्हणून चौदा. फळा नाही, पाठांतर नाही. नुसता गोंगाट! पोरीने एवढं शिक्षण घेतलं ते हा बाजार भरवायला?

मला खिडकीशी बसवलं. पुढ्यात माझ्याच दुकानातला कोटाच्या मोठ्या बटणांचा डबा. एक मुलगी आली, वयाच्या मानाने फारच बुटकी. विचारलं नाही, पुसलं नाही, डबा उपडा केला आणि वाटणी सुरू. "ही दोन डोळ्यांची. ही चार डोळ्यांची. ही आंधळी." आंधळी म्हणजे ज्यांना मागून दोरा ओवायचा ती. माझ्या दुकानात नवा माणूस हे महिनाभर शिकत नाही!

गुरुवार

बुटकीने आज मला चार परत दिले. खरंच!

चार डोळ्यांचं बटण माझ्या नाकासमोर धरलं. "आजोबा, किती डोळे?" मला घाम फुटला. मोजायला लागलो की दोनच्या पुढे गाडी अडते, मागचं विसरायला होतं. तर म्हणते, "मोजू नको ना! नुसतं बघ. दोन वर, दोन खाली." बघितलं. चार. मोजले नाहीत, दिसले! मग फासा घेऊन बसली. टाकला की लगेच ओरडते, "पाच!" कसं कळलं म्हटलं, तर, "चार कोपऱ्यात आणि एक मधे बसलाय." मूर्ती लहान, पण काय डोकं आहे!

जन्मभर चार डोळ्यांची बटणं लावली. त्यात चार बसलेले आहेत हे आज दिसलं.

रविवार

धाकटीला ताकास तूर लागू दिलेली नाही. पण चोराच्या मनात चांदणं — चहा करताना "साखर किती चमचे?" म्हणाली तरी दचकतो.

सोमवार

खाऊच्या वेळी बशा मांडायचं काम रेडिओकडे. (हा मुलगा झोपेत तरी गप्प बसतो की नाही, देव जाणे. मी रेडिओ म्हटलं, आता पोरंही तेच म्हणतात.) एकेकापुढे एकेक बशी ठेवत गेला. शेवटी एक मुलगी तशीच राहिली. "कमी पडली!" "किती?" — धाकटी. "एक!" आणि पळत जाऊन एकच घेऊन आला. आम्हाला वजाबाकी छडीने शिकवली, याने ती पळता पळता केली. धाकटीने शाबासकीसुद्धा दिली नाही. एवढंच विचारलं, "तुला कसं कळलं?" मग काय, रेडिओ लागला! पण बोलता बोलता आपण काय केलं ते त्याचं त्यालाच उमगत गेलं. हे बघण्यासारखं होतं.

पुढे तिने बटणांच्या दोन सारख्या रांगा मांडल्या आणि एक रांग नुसती फाकवली. "आता कुठे जास्त?" रेडिओने लांब रांग दाखवली. मीही तीच दाखवली! बुटकीने एकेक बटण सरकवून समोरच्याला जोडी लावली. उरलं काहीच नाही. "बघा, सारखीच." मी मुद्दाम चुकल्यासारखं हसलो. चांगलीच फजिती!

बुधवार, २४ सप्टेंबर

तारीख माझी मी लिहिली! दोन डोळ्यांचं बटण, शेजारी चार डोळ्यांचं. चोवीस. हसा कुणाला हसायचं तर.

मुलांनी माझं दुकानच थाटलं. बुटकी मास्तर, बाकीचे गिऱ्हाईक. बुटकीने कागदावर नागमोडी रेघा ओढल्या. "हे काय गं?" धाकटीने विचारलं. "लिहिलंय!" मला वाटलं, आता ती हिला सांगेल की हे लिहिणं नव्हे. पण धाकटी म्हणाली, "अरे वा, वाचून दाखव." बुटकीने रेघांवरून बोट फिरवत वाचलं — "कोट. मोठी बटणं. लवकर पाहिजे." गिऱ्हाईकाची कटकटसुद्धा बरोबर! दुपारपर्यंत त्या रेघांमध्ये एक खरं अक्षर आलं होतं, तिच्या नावाचं पहिलं. कुणी गिरवून घेतलं नव्हतं. तिच्या खुंटीवरच्या नावाच्या चिठ्ठीवरून तिनेच उचललं. आता वाळूत, पाटावर, माझ्या सदऱ्यावर ओल्या बोटाने — सगळीकडे तेच. "हे माझं!" म्हणते. मालकीण!

मला ही धाकटी कळतच नव्हती. ती शिकवत नाही असं मला वाटायचं. ती सारखी शिकवते, फक्त मधे येत नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

गुपचूप दुकानात गेलो. कारागीर जेवायला गेला होता. टेप काढली. पाच-सहापर्यंत ओळखीचं, पुढे परत मुंग्या. टेप टेबलावर फेकली. मग उचलून नीट गुंडाळून ठेवली, कारण टेपचा काय दोष!

जेवलो नाही. लहान मुलांच्या बटणांवर कोट शिवायला निघालेला मी. माझ्यासारखा गाढव मीच.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

"बाबा, रंगकामाला मुलांना एप्रन शिवून द्याल?" सगळ्यांसमोर विचारलं. नाही कसं म्हणणार? आणि हो तरी कसं? मापं कुठून आणू! "टेप विसरलो," म्हटलं. धाकटी म्हणाली, "मग कसं करायचं रे मुलांनो?"

रेडिओ पावलं मोजत सुटला. एक जण म्हणाला, ठोकळे लावू या. तेवढ्यात बुटकी सुतळीचा गुंडा घेऊन आली, रेडिओच्या गळ्यापासून गुडघ्यापर्यंत सुतळी धरली आणि मला हुकूम — "काप!" कापली. "हा रेडिओ," म्हणाली आणि तुकडा माझ्या हातात दिला. झालं माप!

मी खालीच बसलो. माझ्या उस्तादांना आकडा वाचता येत नव्हता. ते कागदाच्या पट्टीला खाचा पाडायचे — ही छाती, ही बाही. टेप गळ्यात असायची ती नुसती शोभेला. मी तेव्हा पोरसवदा, चार बुकं शिकलेला. पाठीमागे त्यांना हसायचो. त्यांच्या हातचा कोट मात्र गावभर नावाजलेला. उस्ताद, चुकलो हो.

शनिवार, १८ ऑक्टोबर

दिवसभर कापलं! सुतळ्यांवरून उस्तादांसारख्या कागदाच्या पट्ट्या केल्या होत्या — प्रत्येकाची निराळी, टोकाला ज्याचं त्याने आपलं अक्षर काढलेलं. कात्री हातात बसली. तो कचकच आवाज — किती महिन्यांनी ऐकला! रडू आलं, तर आलं. खोलीत कुणी नव्हतं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

एकेका खुंटीला एकेक एप्रन अडकवला. बुटकी बरोबर चालत मोठ्याने मोजत होती, मी तिच्या मागोमाग. अकराला ती अडखळली, मी सांगितलं. तेराला मी अडखळलो, तिने "तेरा, तेरा" करत मला ढकललं. चौदाला दोघे पोचलो. कुणी कुणाला शिकवलं म्हणायचं?

गुरुवार, ३० ऑक्टोबर

कारागिराला सगळं सांगून टाकलं. आकडे गेलेत, थोडे परत आलेत, बाकीचे येतील तेव्हा येतील. मग मी वकीलसाहेबांना उभं केलं, पट्टीवर खाचा पाडल्या आणि त्यांच्यासमोर कोट कापला. दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या. तंतोतंत! कारागीर म्हणाला, "आकडा लिहायला मी आहे मास्तर, तुम्ही फक्त कापा." उद्यापासून सकाळी दुकान, दुपारी खेळघर.

आता धाकटीलाच सांगायचं राहिलं. इतके दिवस लपवलं, रागावेल.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

तिला सांगायला गेलो तर ती पोरांना घेऊन अंगणात. टेबलावर तिची वही उघडी होती, एका मुलाला एक पान, काय खेळला, काय उमगलं, पुढे काय द्यायचं. बुटकीचं पान वाचलं, रेडिओचं वाचलं. शेवटच्या पानावर वरती 'बाबा'. खाली पहिली ओळ, तारीख १ सप्टेंबर — "आकडे दिसत नाहीत. ते सांगेपर्यंत विचारायचं नाही. बटणं देऊन बघू."

मुलं चौदा. पानं पंधरा. दोनदा मोजली.