सलोनीचा सराव बुडाला त्याबद्दल

नेर, रविवार

आदरणीय मामा,

सप्रेम जयभीम. मामींचा खोकला उतरला का? तुमच्या तब्येतीबद्दल विचारत नाही. पहाटे यवतमाळच्या मैदानावर तुमची शिट्टी वाजते, म्हणजे ठणठणीतच असणार.

सलोनीला सुट्टीत माझ्याकडे पाठवताना तुम्ही बजावलं होतं, फक्त शंभर मीटर, दुसरा खेळ नाही. मी हो म्हटलं होतं. शाळेत जायच्या आधी घरी मला बाराखडी तुम्ही शिकवली, पळायलाही तुम्हीच. आज मी क्रीडाशिक्षिका आहे ती तुमच्यामुळे. (हे मनापासून लिहिते आहे. पुढचं वाचताना कृपया विसरू नये.)

पहिल्याच संध्याकाळी गल्लीतल्या पोरी सलोनीला खो-खोला बोलवायला आल्या. तिला मनाई, पण पोरींचा विरस नको म्हणून मीच उतरले. खो मिळाला, मी सुटले. आता तुमची शिकवण अशी, की रेषा आली म्हणून वेग कमी करायचा नाही. खांबाला वळसा घालायचा असतो हे मला ठाऊक होतं (पुस्तकात वाचलं आहे, मुलांना शिकवतेही), पण पाय ऐकेनात. मी खांब ओलांडला, मैदान ओलांडलं आणि शेजारच्या तानाबाईंच्या वाळत घातलेल्या कुरड्यांत जाऊन थांबले. तानाबाई म्हणाल्या, "काहून व मास्तरीणबाई, तुले थांबनं शिकवलंच नाही का कोनी?"

पोरी हसून लोटपोट. सलोनी हसत माझ्याकडे धावली आणि मध्येच टाच धरून खाली बसली. बऱ्याच दिवसांपासून दुखते म्हणे. मला म्हणाली, "ताई, बाबाले नको सांगू. बाबाचं मन मोडन."

मामा, मी सांगते आहे. डॉक्टरांकडे नेलं. वाढत्या हाडावर रोज तोच ताण पडतो, म्हणाले. सध्या पळणं बंद, आणि नऊ वर्षांच्या पोरीला एकाच खेळाला जुंपू नका. मला सायकल येत नाही (पडशील म्हणून), पोहणं येत नाही (सर्दी होईल म्हणून), याची तक्रार नाही. मला जे येतं ते तुम्ही दिलेलं आहे.

तुमची भाची,
मैत्रेयी

ता. क. पळण्याच्या उन्हाळी शिबिरातून सलोनीचं नाव तुम्ही स्वतः मागे घ्यावं, ही विनंती.

ता. क. २. बाबांनी तुझं नाव शिबिरातून काढलं, असं मी तिला कालच सांगून बसले. तेव्हा कृपया काढाच. रागवायला नेरला या. संध्याकाळी पोरींना एक गडी कमी पडतो, आणि मला त्या आता घेत नाहीत.