उलट्या फुलाचा ठसा

मी, होलोशी चेंगे, वय एकतीस, कापड-रसायनाची अभियंता, राहणार अल्शोकूत, तोल्ना जिल्हा, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शाबूत नाहीत ती उजव्या हाताची बोटं. मानेच्या मणक्याजवळची गाठ सोमवारी पेच शहरातल्या इस्पितळात काढणार आहेत. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्याकडे साक्षीदार लागत नाहीत. मला पेन धरल्याचं जाणवत नाही, म्हणून हे टंकलेलं आहे, आणि म्हणून साक्षीदार दोन.

१. बँकेतली शिल्लक आईला, पिरोश्काला. गाडी भावाला, जोंबोरला. क्लच त्यानेच बिघडवला आहे, दुरुस्तीही त्यानेच करावी.

२. आमचं घर निळीने कापड रंगवणारं. ठशाने खळ छापायची, कापड निळीत बुडवायचं. खळीखाली रंग चढत नाही, तिथे पांढरी नक्षी उरते. टाकी, टेबल आणि आजोबांचे ठसे बाबांचे आहेत, माझे नाहीत. हे मुद्दाम लिहिते, कारण जोंबोर ते हॉटेलवाल्यांना भिंतीवर टांगायला विकू पाहतो.

३. प्रवासातली रेखाटनंही जोंबोरला. नको असतील तर त्याने जाळावीत, विकू नयेत. पोर्तोच्या भिंतींवरच्या फरशा, इस्तंबूलच्या खिडक्यांच्या जाळ्या, कच्छमधल्या एका छापणाऱ्याचं अंगण. मी सुट्टीवर जाते असं बाबा धरून चालत. कच्छच्या त्या गृहस्थांनी आमच्या घरचा ठसा नाकाशी नेला आणि तुमची खळ आमच्यापेक्षा आंबट दिसते, असं सांगितलं. घरी आल्यावर मी हे बोलले तेव्हा बाबांनी माझ्या प्रवासाबद्दल एकमेव प्रश्न विचारला. त्यांच्या खळीत डिंक किती?

४. माझा तापमापक शेजारच्या विल्माकाकूंना, जॅम शिजवण्यासाठी, द्यायचा होता. पण त्या साक्षीदार आहेत. साक्षीदाराला किंवा त्याच्या नातलगांना अशा मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं नोटरीबाई म्हणाल्या. म्हणून तो आजच देऊन टाकला.

५. मी बनवलेला एकच ठसा आहे. नाशपतीचं लाकूड, पितळी खिळे. पोर्तोत एका भिंतीवर दुरुस्तीच्या वेळी एक फरशी उलटी बसली होती. त्या गल्लीतली तेवढीच भिंत मला आठवते. म्हणून माझ्या ठशात ओळीतलं एक फूल खाली तोंड करून आहे.

बाबांनी पाहिलं आणि म्हणाले, "चूक आहे."

मुद्दाम केलंय, असं मी सांगितलं.

"मग मुद्दाम केलेली चूक आहे. आपल्या घरातून चुकलेलं कापड बाहेर जात नाही."

तेव्हापासून त्यांनी त्या ठशाला हात लावलेला नाही. मी त्याने एकच कापड छापलं, दोन्ही अंगांनी: वर आजोबांची द्राक्षवेल, आत माझी फुलं. आईने त्याचा एप्रन शिवला. ती वेल बाहेर ठेवून तो बांधते. तो दोरीवर वाळत असताना विल्माकाकूंना आतली बाजू दिसली. "पिरोश्का, तुझा एप्रन आतून वेडा झालाय गं." आतून कोण बघतंय, असं आई म्हणाली.

दुहेरी कापड आमच्याकडे दुखवट्यासाठीच असतं. घरात कोणी गेलं की आतली बाजू बाहेर घेतात. मी परत आले नाही तर आईने माझी बाजू बाहेर घ्यावी. ठसा बाबांना. अट एकच: आईच्या दुखवट्याच्या घागऱ्याचं कापड त्यांनी स्वतःच्या हाताने या ठशाने छापावं. फूल सरळ करू नये.

६. दफन गावात. पाद्रींनी माझ्या प्रवासांचा उल्लेख टाळावा. त्यांना गावांची नावं नीट घेता येत नाहीत.

७. हे कलम सह्यांच्या वेळी जोडलं आहे. विल्माकाकूंनी चष्मा आणला नव्हता, म्हणून वरचा मजकूर मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचला. दुसरे साक्षीदार, पोस्टमन गेर्गेय, खुर्चीत बसून पालिंका, फळांची दारू, पीत होते. बाबा दारात हात पुसत उभे होते. पाचवं कलम त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. त्यानंतर चौथं.

"साक्षीदाराला नाही, त्याच्या घरच्यांनाही नाही. असंच ना?"

असंच, मी म्हटलं.

त्यांनी गेर्गेय यांना खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसले.

"बाबा, तुम्ही सही केलीत तर आईला काही मिळणार नाही. जोंबोरलाही नाही. हे सगळं रद्दी होईल."

"होऊ दे. मला वाचता येतं." त्यांनी कागद ओढून घेतला. "खळ आज मुरायला ठेवतो. घागरा छापायचाय ना? तूच येऊन छाप."

गेर्गेय यांनी ग्लास घेऊन उभ्यानेच संपवला. आईने एप्रनला हात पुसले. नवं मृत्युपत्र टंकायला सोमवारपर्यंत वेळ आहे. मी ते टंकणार नाही. या पानाच्या डाव्या कडेला निळा डाग आहे. तो साक्षीदार क्रमांक दोन यांच्या अंगठ्याचा आहे, मजकुराचा भाग समजू नये.

अल्शोकूत, शुक्रवार, २२ मार्च २०१९

लिहून ठेवणारी: होलोशी चेंगे (सही डाव्या हाताने)

साक्षीदार १: सेकेरेश विल्मा, शेजारी

साक्षीदार २: होलोशी आंब्रुश, वडील