न सुजलेली टाच

५ जुलै
आईने आज वेणी स्वतः घातली! संधिवाताच्या नव्या गोळीने बोटं सरळ झाली. नाहीतर तिला कपही धरवत नव्हता.
जेवताना गोळी समजावली. रोगाशी लढणाऱ्या पेशीला बाहेरून निरोप येतो, आतलं एन्झाइम तो पुढे पोचवतं, मग पेशी लढायला उठते. आईच्या पेशी तिच्याच सांध्यांशी भांडत होत्या. गोळी एन्झाइमलाच अडवते.
आई म्हणे, "म्हंजे निरोप पोचवनाऱ्या कोतवालाले घरी बसवलं."
खूप हसलो.

१० जुलै
आंधळगावला वावरात रोवणी सुरू. आई ऐकते कुठे, धान लावायला चिखलात उतरलीच. "बांधावर बसून राहिली तं बाया हासतीन मले."
संध्याकाळी टाचेत बाभळीचा काटा. काढला, हळद भरली.

१३ जुलै
"टाच ठणकून राहिली व." पाहिली. सूज नाही, लाली नाही. ताप मोजला, नाही. म्हटलं, काही नाही, जा तू. कॉलेजात शिकवायला जाता जाता गाडीवर वावरात सोडलं.

१६ जुलै
भंडारा, दवाखाना. टाचेत आत पू. चिरा दिला. गोळी बंद.
डॉक्टर: "या गोळीवर सूज, ताप येईलच असं नाही. दुखतं म्हणाल्या तेव्हाच आणायचं."
सूज म्हणजे पेशी कामाला लागल्याची खूण, हे दरवर्षी वर्गात घसा फोडून सांगते. आणि घरी? एवढं शिकून काय दिवे लावले मी. आई टाच दुखते म्हणत होती, मी थर्मामीटर पाहत बसले.

१८ जुलै
आई: "तुले कसं समजन? तू का डॉक्टर हायेस?"
रागावली असती तर बरं झालं असतं. मलाच समजायला हवं होतं, मलाच.

२९ जुलै
जखम भरत आली. बोटं मात्र पुन्हा आखडली. भात भरवते मी. ती खिडकीकडे पाहत खाते. लाज वाटते तिला, पोरीच्या हातून खायची.

२ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, गोळी पुन्हा सुरू करता येईल, पण धोका राहीलच. घरी विचार करून सांगा.
ऑटोत आईला विचारलं, तुला काय वाटतं?
"मले का समजते त्यातलं. तू म्हनशीन तसं करू."
घरी येऊन आधी तिची टाच पाहिली, मग भात भरवला. डॉक्टरांना काय सांगायचं, अजून ठरलं नाही.