भावोजींनी पाठवलेल्या एसीबद्दल

ती. भावोजी,

नमस्कार. (साष्टांग लिहिणार होते, पण या उकाड्यात एकदा जमिनीवर आडवी झाले तर पुन्हा उठेन याची खात्री नाही.) तुमची आणि जाऊबाईंची तब्येत बरी असेलच, तुमच्याकडे पहाटे पांघरूण लागतं हे त्या फोनवर दोनदा सांगतात. इथे आज सत्तेचाळीस आहे. मी ठणठणीत आहे आणि हट्टाला पेटले आहे, तेव्हा पत्र लांबणार.

तुम्ही वडिलांसाठी प्रेमाने एसी पाठवलात, त्याला नावं ठेवायची नाहीत असं मी ठरवलं होतं. (ते परवा मोडलं.) मामंजींचं मांडीचं हाड जुळून चार महिने झाले, तरी ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, खोली गार ठेवा आणि काहीही करून त्यांना चालतं करा, नाहीतर हा माणूस अंथरुणातच संपेल. मी फार घाबरले, आणि घाबरले की मी कुणाचंच ऐकत नाही, हवं तर तुमच्या धाकट्या भावाला विचारा. चालणं काही जमेना, निदान खोली तरी गार करू म्हटलं. पण तुमचा एसी सकाळी नऊपर्यंत गुण्यागोविंदाने चालतो आणि दुपारी नांगी टाकतो. आकडा चोवीसचा लावावा तर खोलीत तेहेतीस. मी बाहेरच्या युनिटवर ह्यांची छत्री बांधली, ती उडून खालच्या शिंपीणबाईंच्या दारात पडली. मग ओली चादर टाकली, ती पंख्यात अडकून फाटली. (चादरही तुम्हीच दिलेली, त्यामुळे हळहळ बेताची वाटली.)

शेवटी मेकॅनिक बोलावला. त्याने स्टिकर वाचलं : चारशे दहा नंबरचा गॅस. म्हणाला, हा कडक उन्हात दमतो, तो काढून दोनशे नव्वद भरू, तो झकास चालतो. मी लगेच हो म्हणाले. डब्यातले तांदूळ बदलावेत तसा गॅस बदलता येतो, अशी माझी समजूत. तेवढ्यात आतून आवाज आला, "हात लावू नकोस त्याला!"

भावोजी, मामंजी उठून बसले होते! मग पाय खाली सोडले, माझं शिवणाचं स्टूल पुढे ढकलत ढकलत गॅलरीपर्यंत आले आणि बर्फाच्या कारखान्यात हाताखालच्या माणसांना झापायचे तसे त्या मेकॅनिकवर बरसले. "प्रोपेन आहे तो, पेट घेतो! त्याच्यासाठी बांधलेलं यंत्र वेगळं असतं. ह्यात भरून घर उडवतोस की काय?" मेकॅनिक पिशवी उचलून गेला तो पुन्हा फिरकला नाही. मला घाम फुटला होता, निम्मा स्फोटाच्या विचाराने आणि निम्मा आनंदाने.

त्या दिवसापासून मामंजी रोज स्टूल घेऊन गॅलरीत, आणि मी त्यांच्या हाताखाली. आता मला सगळं पाठ झालंय. गॅस खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो, पण टाकताना त्याचा पुन्हा द्रव व्हावा लागतो. बाहेरची हवाच तापलेली असली की चारशे दहाला ते जड जातं, मग यंत्र वीज जास्त खातं आणि गारवा कमी देतं. दोनशे नव्वद उन्हात जास्त तग धरतो. (शेगडीतल्या गॅसचा तो चुलतभाऊच, त्यामुळे माझा त्याच्यावर जुना विश्वास आहे.) मामंजींच्या उमेदीतला बावीस नंबरही उन्हाला दाद देत नसे, पण त्याने ओझोनची वाट लावली म्हणून त्याला निरोप दिला गेला. हे सांगताना घरातलं माणूस गेल्यासारखा त्यांचा आवाज झाला. युनिट आपण गॅलरीच्या बंद कोपऱ्यात बसवलं होतं, तिथे ते आपलाच गरम श्वास पुन्हा ओढत होतं. ते हलवून घेतलं तर खोली तीसवर आली. पुढे मात्र सरकत नाही.

तेव्हा विनंती अशी, की मुळात दोनशे नव्वदसाठीच बनवलेला एसी ताबडतोब पाठवावा. तो आल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.

आपली हट्टी भावजय

ता. क. : पत्र टाकायचं राहून गेलं. तेवढ्यात ह्यांनीच तसला एसी आणला. मामंजींनी समोर बसून तो बसवून घेतला, प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून गळती तपासली. बाहेर अठ्ठेचाळीस, आत पंचवीस. वरची विनंती रद्द समजावी.

ता. क. २ : आज पाचवा दिवस. एसीत काडीचा दोष नाही, आणि मामंजी पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडलेत. काल मी मिक्सरची वायर मुद्दाम उपटली. "कुठल्या गाढवाने ओढली?" म्हणत त्यांनी ती पाच मिनिटांत बसवली आणि आडवे झाले. स्वयंपाकघरात जाऊन मी थोडी रडले. पण सोडणार नाही.

ता. क. ३ : तुमच्याकडे बिघडलेलं जे जे असेल, फ्रिज, पंखा, पाण्याचा पंप, ते सगळं इकडे पाठवा. सोपं काही नको, महिनाभर तरी पुरायला हवं. आणि पाठवण्याआधी तुम्ही स्वतः एकदा ते दुरुस्त करायला घ्या, म्हणजे नीट बिघडेल.