स्मरणिकेच्या फोटोतलं कोपर

धुळे, डिसेंबर १९९३

तीर्थस्वरूप हिलालभाऊ यांसी, धाकटा साडू देवचंद याचा शिरसाष्टांग नमस्कार. (पूर्वी नुसता नमस्कार लिहीत असे. आता तुम्ही इतिहासकार झालात, तेव्हा डोकंही टेकवलं पाहिजे.) इकडे सर्व क्षेमकुशल. तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत फार दुखतो असं झुंबरअक्कांनी आपल्या धाकट्या बहिणीला, आमच्या कुंदाला कळवलं. वाचून वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, कारण माझा गुडघा अजून ठणठणीत आहे. तो कधी वापरातच आला नाही.

जळगावच्या आंतरविद्यापीठ फुटबॉल स्पर्धेच्या स्मरणिकेत तुम्ही 'स्पर्धेचा इतिहास' लिहिलात, तो अंक आमच्या कॉलेजातही आला. शिपायापासून प्रिन्सिपॉलपर्यंत ज्याने त्याने मला विचारलं, हे तुमचे साडू का? प्रत्येकाला हो म्हणावं लागलं. लेख छान आहे. कलकत्ता, केरळ, पंजाब, सगळ्यांचा मिळून पन्नास वर्षांचा इतिहास दीड पानात उरकलात आणि उरलेली सात पानं स्वतःच्या एका गोलाला दिलीत. वर फोटो. लोकांनी तुम्हाला खांद्यावर घेतलंय. (डाव्या कडेला एक कोपर दिसतं, ते माझं. घरी दोन्ही पोरांना दाखवलं, तर ते बाकाचं टोक आहे असं त्यांनी ठरवलं.) कुंदा मला म्हणते, तुम्ही जळता. भाऊ, खोटं कशाला बोलू, जळतोच.

आता त्या गोलाचा खरा इतिहास ऐका. साल पंच्याऐंशी. आपण दोघं पुणे विद्यापीठाच्या संघात (तेव्हा खानदेशाला स्वतःचं विद्यापीठ कुठे होतं), तुम्ही पुढच्या फळीत आणि मी राखीव गोलकीपर, म्हणजे पाण्याची बादली आणि टॉवेल. विभागीय सामने धुळ्यात भरले, अंतिम सामना गोव्याशी. मी इथलाच, म्हणून पाहुण्यांची सरबराई माझ्या गळ्यात पडली. आता हिवाळ्यात आलेला पाहुणा भरीत न खाता परत गेला तर आपलं नाक कापलं जातं, हे तुम्हाला सांगायला नको. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी गोव्याच्या पोरांना सोनगीरला आबांच्या मळ्यात नेलं. (आबा तेव्हा आपले सासरे नव्हते, माझ्या वडिलांचे स्नेही, एवढंच.) कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, मी स्वतः मांडी ठोकून ती ठेचली, लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, वर तेलाची धार. आम्हीपण तिखट खातो, असं ती पोरं ऐटीत सांगत होती. पहिल्या घासाला ऐट संपली. त्यांचा गोलकीपर ताटावर दोन्ही हात आडवे धरून पुरे पुरे म्हणू लागला. पण पाहुणा पुरे म्हणाला म्हणजे तो लाजतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मी वाढत गेलो. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं, ते मला मायेचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तुमचा तो गोल. लेखात तुम्ही लिहिता, 'तीस यार्डांवरून सुटलेली तोफ'. भाऊ, मी बादलीजवळ बसलो होतो. चेंडू तुमच्या नडगीला लागला आणि संध्याकाळी म्हैस घरी परतते तसा रमतगमत निघाला. त्यांचा गोलकीपर पोट आवळून खांबाला टेकला होता. चेंडू शेजारून जाताना त्याने पाहिला, पण खाली वाकायची त्याची हिंमत झाली नाही. तुम्ही खांद्यावर चढलात, आणि मैदानात आलेल्या आबांनी त्याच हिवाळ्यात थोरली लेक तुम्हाला दिली. मला म्हणाले, पोऱ्या, तुन्हा हातले चव शे, आणि दोन वर्षांनी धाकटी दिली. म्हणजे तुम्ही गोलावर जावई झालात आणि मी वांग्यावर. पुढच्या फेरीत पंजाबात जाऊन आपण सहा गोलांनी हरलो, ते सात पानांत कुठे दिसत नाही. हरणारच. तिकडे वाढायला कोण होतं?

असो. मी श्रेयासाठी हपापलेला माणूस नाही. अक्कांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला एरंडाचं पान बांधावं.

तुमचा,
देवचंद

ता.क. : समारोपाला तुम्ही याच इतिहासावर बोलणार असं ऐकतो. आमचे प्रिन्सिपॉल येणार आहेत, आणि मी दोन्ही पोरांना आणतोय. 'त्या गोलात देवचंदच्या भरिताचा वाटा होता' एवढं एक वाक्य तेवढं बोला. बाप नुसता बादलीजवळ बसला नव्हता, हे पोरांनी एकदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं, एवढीच इच्छा आहे.

पुन्हा ता.क. : पाकीट चिकटवण्याआधी कुंदाने पत्र वाचलं आणि हसून हसून खालीच बसली. तिचं म्हणणं, माझं भरीत अगदी सौम्य होतं. मी हात धुवायला विहिरीवर गेलो, तेवढ्यात झुंबरअक्कांनी ओंजळभर लवंगी मिरच्या त्यात ठेचून घातल्या. उपांत्य सामन्यात त्यांनी तुम्हाला पाहिलं होतं आणि तुम्ही हरू नये असं त्यांना वाटत होतं. इतकी वर्षं दोघी बहिणी गप्प बसल्या. म्हणजे गोल तुमचा, आणि भरीतही तुमच्याच घरचं निघालं. तेव्हा वरचं वाक्य बोलू नका.

शेवटचं : भाषणात स्मरणिका हातात धरणारच असाल, तर फोटोतलं कोपर कुणाचं ते सांगा. पोरं पहिल्या रांगेत बसतील.